फॉल्टचा पत्ता

सर्व्हो ड्राइव्हवरचा लाल दिवा लागला की पहिला संशय ड्राइव्हवरच जातो. ‘ड्राइव्ह गेला’ म्हणून माणूस नवा मागवतो, बसवतो, काही दिवस मशीन सुरळीत चालते आणि मग तोच दिवा पुन्हा लागतो. घरच्या वर्कशॉपमध्ये जुने मिलिंग मशीन सीएनसी करून घेणाऱ्यांच्या वाट्याला हे बऱ्याचदा येते. खरे तर लाल दिवा लावणे हे ड्राइव्हचे कामच आहे. आलेला हुकूम आणि झालेली हालचाल यांत ठरलेल्यापेक्षा जास्त अंतर पडले, एवढेच तो सांगतो. अंतर का पडले, हे त्याला ठाऊक नसते. ते शोधायचे तर आधी चार गोष्टी नोंदवाव्या लागतात: फॉल्ट कुठे येतो, किती वेगाला येतो, किती वेळाने येतो आणि कशासोबत येतो. या चार उत्तरांतून फॉल्टचा पत्ता लागतो. स्क्रू-ड्रायव्हर त्यानंतर हातात घ्यायचा.

दोन आकड्यांचा ताळा

आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग मशीन अमेरिकेत 1952 साली ‘एमआयटी’च्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत लोकांपुढे आले. जॉन पार्सन्स यांनी हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक आकार कापण्याचा जो विचार मांडला होता, त्यातून हे काम उभे राहिले. त्याआधी, 1938 साली, कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात रुडॉल्फ बॅनॉ यांनी घडवलेले टरेट मिलिंग मशीन बाजारात आले होते. पुढे जगभरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये याच घाटाची मशीन पोहोचली. आपल्याकडे एम-वन-टीआर नावाने ओळखली जाणारी मशीनही त्याच घाटाची. हाताच्या चाकाऐवजी मोटर, साध्या लीड स्क्रूऐवजी बॉल स्क्रू आणि शेजारी एक कॉम्प्युटर, एवढे जमवले की असे मशीन सीएनसी होते. निदान कागदावर तरी.

स्टेपर मोटर लावली, तर तिला दिलेला हुकूम तिने पाळला की नाही हे कुणी तपासत नाही. कटर अडकून चार पायऱ्या चुकल्या तरी कॉम्प्युटर पुढेच जातो आणि चूक जॉबवर उमटते. सर्व्होमध्ये मोटरच्या मागे एन्कोडर असतो. कॉम्प्युटरकडून आलेले पल्स ड्राइव्ह एका वहीत लिहितो, एन्कोडरचे काऊंट दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्यांचा ताळा सेकंदाला हजारो वेळा घेतो. फरक दिसला की तो भरून काढण्यापुरता करंट मोटरला देतो. फरक हाताबाहेर गेला की काम थांबवतो. मापात चूक घेऊन पुढे जाण्यापेक्षा थांबणे पत्करतो, म्हणून तर सर्व्हो लावायचा.

हे ‘हाताबाहेर’ म्हणजे किती? एन्कोडरच्या चकतीवर 500 रेघा असतील, तर ए आणि बी या दोन वाहिन्यांच्या चारही कडा मोजून एका फेऱ्यात 2000 काऊंट मिळतात. बॉल स्क्रूचा पिच 5 मिमी असेल आणि मोटर थेट जोडलेली असेल, तर एक काऊंट म्हणजे अडीच मायक्रॉन. घरगुती रूपांतरांत बरेच वापरले गेलेले गेको कंपनीचे जी320 ड्राइव्ह 128 काऊंटचा फरक पडला की फॉल्ट देतात. म्हणजे या मशीनवर टेबल 0.32 मिमी मागे पडले की लाल दिवा. लिनक्ससीएनसी या कंट्रोल प्रोग्रॅममध्ये ही मर्यादा आपणच ठरवू शकतो आणि ती सावकाश चालताना कडक, वेगात सैल ठेवता येते. फॉल्ट फार येतो म्हणून ही मर्यादाच वाढवून टाकणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. त्याने फक्त तक्रार बंद होते.

आधी जीव, मग मशीन

कशालाही हात लावण्याआधी पॉवर सप्लायचा कॅपॅसिटर रिकामा झाला आहे ना, ते बघायचे. 10,000 मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमध्ये 68 व्होल्टला सुमारे 23 ज्यूल ऊर्जा असते. पाना टेकला तर ठिणगीने वितळलेला धातू उडेल इतकी. कॅपॅसिटरला 2.2 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवला, तर स्विच बंद केल्यावर दोन मिनिटांत तो रिकामा होतो. तरीही मल्टिमीटरने मोजल्याशिवाय हात घालायचा नाही.

दोन नियम ड्राइव्हच्या जिवासाठी. सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढायची नाही. कॉइलमधला करंट एकाएकी तुटला की उसळणारे व्होल्टेज ड्राइव्हमधले ट्रान्झिस्टर घेऊन जाते. आणि कॅपॅसिटर व ड्राइव्ह यांच्या मध्ये स्विच किंवा रिले टाकायचा नाही. स्विच ट्रान्सफॉर्मरच्या आधी, एसी बाजूला हवा. झेड ॲक्सिसचे डोके किंवा टेबल पेलणारी नी जड असेल, तर ड्राइव्ह बंद होताच ते खाली येऊ शकते, हेही लक्षात ठेवायचे. तिथे ब्रेक, गॅस स्प्रिंग किंवा प्रतिवजन हवे.

नव्या जोडणीत पहिल्यांदा सप्लाय देताना मोटर स्क्रूपासून सोडवलेली आणि वाईसमध्ये पकडलेली असावी. कारण पहिल्याच क्षणी मोटर सुसाट पळण्याची दाट शक्यता असते. ड्राइव्हला वाटते, टेबल मागे पडले. तो मोटर पुढे फिरवतो. एन्कोडरच्या वायरी उलट असल्याने काऊंट आणखी मागे जातात. ड्राइव्ह आणखी जोर लावतो. उपाय एकच: एन्कोडरच्या ए-बी वायरींची अदलाबदल करायची, किंवा मोटरच्या दोन वायरींची. दोन्ही केल्या तर पुन्हा पहिल्या जागी. एसी सर्व्होमध्ये मात्र मोटरला तीन वायरी असतात आणि त्यांचा क्रम चुकला की मोटर पळण्याऐवजी बहुधा थरथरते किंवा एका जागी जखडते. तिथे वायरींशी खेळू नये. मॅन्युअलमधला रंगांचा तक्ताच पाळावा.

ए-बी फिरवूनही मोटर एक झटका देऊन लगेच फॉल्टवर जात असेल, तर एन्कोडरची एक वाहिनी मुकी असण्याचा संभव असतो. एकच वाहिनी जिवंत असली की काऊंट एका जागी पुढे-मागे होतो, सरकत नाही. मोटर सोडवायची, एन्कोडरला फक्त 5 व्होल्ट द्यायचे आणि शाफ्ट बोटाने अगदी सावकाश फिरवायचा. मल्टिमीटरवर ए आणि बी दोन्ही शून्याजवळ आणि पाचाजवळ आलटून पालटून यायला हवेत. भरभर फिरवला तर मीटर सरासरी दाखवतो, म्हणून मधला अडीचचा आकडा दिसला तर घाबरायचे नाही.

कुठे

आता मशीन चालते, पण अधूनमधून फॉल्ट येतो. अशा वेळी स्क्रीनवरचा त्या क्षणीचा ॲक्सिसचा आकडा लिहून ठेवायचा. चार-पाच फॉल्टचे आकडे एकाच ठिकाणाभोवती जमले, तर इलेक्ट्रॉनिक्स सोडून लोखंडाकडे वळायचे.

जुन्या मशीनच्या स्लाइड मध्यभागी झिजलेल्या असतात, कारण आयुष्यभर काम तिथेच झालेले असते. मध्यावर प्ले जाणवतो म्हणून जिब, म्हणजे स्लाइडमधली फट भरणारी पट्टी, आवळला, की न झिजलेल्या टोकांकडे टेबल घट्ट होते. मग मध्यावर सगळे छान आणि टोकाला फॉल्ट. मोटर सोडवून स्क्रू हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवला तर हा फरक मनगटाला कळतो. आकड्यात हवा असेल, तर मोटरच्या वायरवर डीसी क्लॅम्प मीटर लावून टेबल अगदी सावकाश एका टोकाकडून दुसरीकडे न्यायचे आणि दर 20 मिमीवर करंट लिहायचा. रेघ सपाट आली तर स्लाइड बरी. टोकांकडे चढत गेली तर जिब किंवा स्क्रूची रेष बिघडलेली. दर फेऱ्याला एकदा उसळी मारत असेल तर स्क्रू वाकडा किंवा कपलिंग तिरके.

जागेशी बांधलेल्या फॉल्टचे एक कारण मात्र विजेचे असते. टेबल एका टोकाला गेले की ताणली जाणारी एन्कोडरची वायर. आतली तार तुटलेली, पण वरचे प्लास्टिक शाबूत. ताण आला की जोड सुटतो, सैल झाला की पुन्हा लागतो. टेबल त्या जागी उभे करून वायर हाताने हलवली की हे उघडे पडते.

किती वेगाला

फॉल्ट जागा बदलतो, पण नेहमी रॅपिडला, म्हणजे न कापता वेगाने सरकताना, येतो, सावकाश कापताना कधीच नाही. इथे मोटरकडे उरलेल्या व्होल्टेजचा हिशेब मांडावा लागतो. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेने व्होल्टेज तयार करते. समजा ते 1000 आरपीएमला 20 व्होल्ट आहे आणि सप्लाय 68 व्होल्टचा आहे. 3000 आरपीएमला 60 व्होल्ट उलटे उभे राहतात आणि करंट ढकलायला उरतात फक्त 8. मोटरचा रेझिस्टन्स 1 ओहम असेल, तर ड्राइव्हवर 20 ॲम्पियर लिहिलेले असले तरी मोटरला 8 ॲम्पियरच मिळणार. आता लाइनचे व्होल्टेज दहा टक्के उतरले, तर सप्लाय 61 वर येतो आणि उरतो एक व्होल्ट. संध्याकाळी गावभर दिवे, पंखे, पंप सुरू झाले की रॅपिडला फॉल्ट आणि सकाळी त्याच प्रोग्रॅमला काही नाही, या कोड्याचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते. रॅपिडचा वेग वीस टक्के कमी करून बघायचा. फॉल्ट गेला तर ड्राइव्हला दोष देता येणार नाही.

व्होल्टेज वाढवून टाकावे, हा मोह इथे होतो. ट्रान्सफॉर्मरचे 48 व्होल्ट एसी डीसी झाले की 1.414 पटीने 68 होतात. 55 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर 78. 80 व्होल्टच्या ड्राइव्हला हे चालेल असे वाटते, पण 230 व्होल्टची लाइन दहा टक्के चढली की सप्लाय 85 वर जातो आणि ड्राइव्ह संपतो.

शिवाय ब्रेक लावताना मोटर जनरेटर बनते आणि ऊर्जा सप्लायकडे परत फेकते. ही ऊर्जा जड टेबलाची असेल असे वाटते. हिशेब वेगळे सांगतो. 60 किलोचे टेबल सेकंदाला 100 मिमी वेगाने चालले असेल, तर त्यात ऊर्जा असते 0.3 ज्यूल. त्याच वेळी 5 मिमी पिचच्या स्क्रूवर मोटर 1200 आरपीएमने फिरते. तिच्या रोटरचे जडत्व 0.0002 किलो-वर्गमीटर धरले, तर त्यात सुमारे 1.6 ज्यूल ऊर्जा असते, टेबलाच्या पाचपट. वेग दुप्पट केला की ती चौपट. म्हणून वेगातून थांबतानाच फॉल्ट येत असेल, तर थांबण्याच्या क्षणी सप्लायचे व्होल्टेज किती चढते ते बघावे. मोठा कॅपॅसिटर, ब्रेकिंग रेझिस्टर किंवा थोडे सौम्य डिसिलरेशन, यांतल्या एका उपायाने काम भागते.

वेगाची तिसरी मर्यादा कॉम्प्युटरकडची. पॅरलल पोर्टवरून चालणाऱ्या मॅक3 प्रोग्रॅमचा नेहमीचा वेग सेकंदाला 25,000 पल्सचा. अडीच मायक्रॉनच्या काऊंटला त्यातून मिनिटाला 3.75 मीटर मिळतात. 1000 रेघांचा एन्कोडर लावला की निम्मेच. जास्त रेघांचा एन्कोडर घेताना हा हिशेब राहून जातो.

ट्यूनिंगचा प्रश्नही वेगाच्या बदलातच दिसतो. गेन, म्हणजे फरकाला ड्राइव्ह किती जोराने उत्तर देतो ते प्रमाण, कमी असेल तर मोटर आळशी वाटते आणि वेग घेताना मागे पडते. गेन जास्त असेल तर उभ्या जागी गुरगुरते. हलकी सीं-सीं चालायचीच. एका काऊंटभोवतीची ती हालचाल असते. हाताला थरथर जाणवली तर मात्र गेन उतरवायचा. डॅम्पिंग वाढवल्याने उसळी दबते, पण प्रमाणाबाहेर गेले की मोटर नुसती तापते. ट्यूनिंग कोरड्या स्लाइडवर कधीच करू नये. कोरडे टेबल आधी चिकटते, मग सुटते, आणि त्या झटक्याला सांभाळणारा गेन तेल दिल्यावर चुकीचा ठरतो.

किती वेळाने

सुरुवातीला सगळे ठीक आणि तासाभराने फॉल्ट, म्हणजे उष्णता. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला 0.39 टक्के वाढतो. मोटर 60 अंशांनी तापली की तो जवळपास एक चतुर्थांश चढतो. फेराइट चुंबक तेवढ्याच तापमानवाढीने सुमारे बारा टक्के कमजोर होतात. तेवढ्याच जोरासाठी जास्त करंट लागतो, आणि जास्त करंटने मोटर आणखी तापते. उलट पावसाळी किंवा थंडीच्या सकाळी पहिल्या काही मिनिटांतच फॉल्ट येऊन नंतर जात असेल, तर स्लाइडवरचे तेल घट्ट झाले असावे. मशीन थोडे हलके चालवून मग कामाला लावावे.

ब्रशच्या जुन्या मोटरमध्ये काळाचा आणखी एक हिशेब असतो. ब्रश झिजून कार्बनची पूड आत साचते आणि ती वीज वाहून नेते. मोटरच्या वायरी सोडवून त्या आणि बॉडी यांच्यातला रेझिस्टन्स मोजावा; तो मेगाओहममध्येच हवा. शाफ्ट बोटाने सावकाश फिरवत दोन्ही वायरींमधला रेझिस्टन्सही बघावा. एखाद्या जागी तो एकदम चढला तर कम्युटेटरची पट्टी काळवंडलेली किंवा तुटलेली. सफाईसाठी मोटर उघडण्याआधी चुंबक कोणता आहे ते बघावे. अल्निको चुंबकाच्या मोटरमधून आर्मेचर बाहेर काढले की चुंबक कायमचा अशक्त होतो. अशी मोटर नंतर रिकामी फिरताना जास्त वेगात फिरते आणि भार आला की तापते.

कशासोबत

स्पिंडल सुरू झाला की फॉल्ट. कुलंटचा पंप बंद झाला की फॉल्ट. अशा वेळी संशय विजेच्या गोंगाटावर. स्पिंडलच्या मोटरचा वेग सांभाळणारा व्हीएफडी सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो आणि त्याच्या वायरीशेजारून एन्कोडरची वायर गेली असेल, तर प्रत्येक धक्का तिच्यात उमटतो. ड्राइव्ह त्याला खरा काऊंट समजतो. तपासणी साधी आहे. टेबलाला डायल लावायचा, ॲक्सिस उभा ठेवायचा आणि स्पिंडल दहा वेळा चालू-बंद करायचा. हुकूम न देता डायलचा काटा सरकला तर गोंगाट पकडला.

उपाय स्वस्तातल्या उपायापासून सुरू करावेत. एन्कोडरची आणि व्हीएफडीची वायर एका पट्टीतून नेऊ नये; एकमेकींना छेदावेच लागले तर काटकोनात. शील्ड ड्राइव्हच्या बाजूलाच अर्थ करावी, दोन्ही टोकांना नाही. व्हीएफडी ते स्पिंडल या वायरीची शील्ड मात्र दोन्हीकडे बांधतात. डीसी कॉइलच्या रिलेवर डायोड, एसी कॉन्टॅक्टरवर स्नबर बसवावा. एवढ्याने न भागल्यास डिफरन्शिअल एन्कोडर घ्यावा. त्यात प्रत्येक सिग्नल दोन वायरींतून उलटसुलट जातो आणि ड्राइव्ह त्यांच्यातला फरक घेतो. दोन्ही वायरींत सारखाच शिरलेला गोंगाट त्या वजाबाकीत निघून जातो. हे सगळे करण्याआधी घराच्या सॉकेटमधले अर्थिंग खरे आहे का ते बघावे. फेज आणि अर्थमध्ये 230 च्या आसपास आणि न्यूट्रल व अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्टेज दिसले नाही, तर आधी वायरमन बोलवावा.

लाल दिवा न लावणारा फॉल्ट

सर्वांत त्रासाचा फॉल्ट लाल दिवा लावतच नाही. मशीन शेवटपर्यंत चालते, जॉब मात्र मापात नसतो. एन्कोडर मोटरच्या मागे असतो; पुलीचा किंवा कपलिंगचा ग्रब स्क्रू शाफ्टवर घसरला तर त्याला ते दिसत नाही. ड्राइव्हच्या दोन्ही वह्या जुळतात आणि टेबल भलतीकडे असते.

दुसरे कारण सेटिंगमधले. स्टेप पल्सची चढती कड मोजायची की उतरती, हे ड्राइव्ह आणि कॉम्प्युटरमध्ये जुळले नसेल, तर दिशा बदलताना पल्स चुकीचा मोजला जाऊ शकतो. समजा मागेपुढे होण्याच्या दर फेरीत एका काऊंटची चूक साठली. एक काऊंट अडीच मायक्रॉनचा, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण पॉकेट कापताना टेबल 400 वेळा मागेपुढे झाले की पुरा एक मिलिमीटर जातो.

दोन्हींत फरक कसा करायचा? कटर न लावता टेबल 5 मिमी पुढे-मागे 400 वेळा नेणारा प्रोग्रॅम चालवायचा आणि डायल बघायचा. मग तेवढ्याच फेऱ्या निम्म्या ॲक्सिलरेशनने. चूक तेवढीच राहिली तर सेटिंग. ॲक्सिलरेशन उतरवल्यावर चूक घटली तर ग्रब स्क्रू. तिथे शाफ्टवर सपाट बैठक घासून घ्यावी किंवा क्लॅम्पचे कपलिंग बसवावे.

ड्राइव्हवर संशय कधी

चारही प्रश्नांना उत्तर मिळाले नाही, तर ड्राइव्हची पाळी येते. एक्स आणि वाय ॲक्सिसचे ड्राइव्ह एकमेकांच्या जागी लावायचे. फॉल्ट ड्राइव्हबरोबर दुसऱ्या ॲक्सिसवर गेला तर ड्राइव्ह दोषी, जुन्याच ॲक्सिसवर राहिला तर निर्दोष. पण त्याआधी दोन्ही मोटरी मोजून घ्याव्यात. एखादी शॉर्ट असेल तर चांगला ड्राइव्हही तिच्यापायी जाईल. आधुनिक एसी सर्व्होच्या ड्राइव्हवर अलार्मचा आकडा येतो, त्याने हे काम वाचत नाही. ‘ओव्हरलोड’ हा आकडा जिब घट्ट असल्याचे सांगत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर नवी टाकली, गेन फिरवला आणि जिबही सैल केला, तर फॉल्ट गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि तो परतला की शोध पुन्हा पहिल्यापासून. शक्य असेल तिथे उलट तपासणीही करावी: बदललेली एक गोष्ट जुन्यासारखी करून बघायची. अर्थात तीन अटींवर: कटर काढलेला असावा, वेग कमी असावा आणि हात इमर्जन्सी स्टॉपवर असावा. जुन्या सेटिंगला फॉल्ट परत आला आणि नव्याला पुन्हा गेला, तर कारण सापडले. परत आला नाही, तर तो मशीनमध्येच कुठेतरी आहे आणि चार उत्तरांची नोंद चालू ठेवणे भाग आहे.